बाळ केवढं, ते कुणी ठरवलं?

घरात बाळ आलं की फोन खणखणायला लागतात. पहिला प्रश्न ठरलेला, "मुलगा की मुलगी?" दुसराही ठरलेला, "वजन किती भरलं?" कुणाचं बाळ अडीच किलोचं, कुणाचं पावणेतीन, कुणाचं चक्क साडेतीन! मग बघायला आलेली मंडळी आपापले अंदाज सांगू लागतात. "बापासारखं दणकट आहे हो!" "छे, छे, आईचीच चण आहे, नाजूक."

दोस्तांनो, हे अंदाज कौतुकाने सांगितलेले असले तरी त्यामागचा प्रश्न भलताच अवघड आहे. दोन बाळं डोळ्यांसमोर आणा. दोन्ही आईच्या पोटात पुरे नऊ महिने राहिलेली, दोन्ही ठणठणीत, दोघांचंही रडणं शेजारच्या घरापर्यंत ऐकू जाणारं. एक भरतं अडीच किलो आणि दुसरं पावणेचार. हा सव्वा किलोचा फरक आला कुठून? तो बाळाने स्वतः ठरवला, आईने ठरवला, बाबांनी ठरवला की आईच्या जेवणाने?

शास्त्रज्ञ कितीतरी वर्षं या प्रश्नाच्या मागे लागलेले आहेत. त्यासाठी त्यांनी घोड्यांची शिंगरं मोजली, उंदरांच्या अंडपेशी बारीक सुईने टोचून पाहिल्या, लाखो माणसांचा डीएनए तपासला आणि आपल्या पुण्याजवळच्या खेड्यांत जाऊन तान्ह्या बाळांच्या त्वचेची जाडीसुद्धा मोजली. चला, आपणही त्यांच्या पाठोपाठ जाऊ.

आधी थोडे आकडे

बाळाचं वजन जन्मानंतर लवकरात लवकर करतात. कारण पहिल्या काही दिवसांत जवळजवळ प्रत्येक बाळाचं वजन थोडं उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत ते पुन्हा भरून येतं. जन्मवजन अडीच किलोच्या खाली असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार ते बाळ 'कमी वजनाचं' मानतात आणि त्याची जास्त काळजी घेतात. मुलगे मुलींपेक्षा सरासरी थोडे जड असतात. पहिलटकरणीचं बाळ पुढच्या भावंडांपेक्षा बहुधा थोडं हलकं असतं.

आता जनुकांकडे वळू. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनएचे लांबच लांब धागे असतात. त्यात ए, टी, जी आणि सी अशा चारच रासायनिक अक्षरांनी लिहिलेला मजकूर असतो. एका संचात सुमारे ३०० कोटी अक्षरं! असे दोन संच आपल्याला मिळतात, एक आईकडून आणि एक बाबांकडून. या मजकुराचे जे तुकडे शरीराला काहीतरी बनवायला सांगतात, ती जनुकं. कुठल्याही दोन माणसांच्या मजकुरात हजारात साधारण एखादंच अक्षर वेगळं असतं. पण एकूण अक्षरं इतकी आहेत की असे फरक लाखोंनी भरतात. यातल्या काही फरकांमुळे डोळ्यांचा रंग बदलतो, काहींमुळे उंची बदलते, तर काहींमुळे आपण जन्मताना केवढे होतो तेही थोडंफार बदलतं.

मग सोपंच आहे की! निम्मी जनुकं आईची, निम्मी बाबांची. म्हणजे बाळाचं वजनही दोघांच्या अगदी मध्यावर यायला हवं, नाही का? तसं होत नाही, आणि ते का होत नाही हे दाखवलं घोड्यांनी.

थोराड घोडी आणि ठेंगणी घोडी

इंग्लंडमध्ये शायर नावाची घोड्यांची जात आहे. अवजड गाड्या ओढणारे हे घोडे जगातल्या सर्वांत मोठ्या घोड्यांत मोडतात. स्कॉटलंडच्या उत्तरेला असलेल्या शेटलंड बेटांवर याच्या अगदी उलट, ठेंगणे आणि केसाळ घोडे असतात. मोठ्या माणसाच्या जेमतेम कमरेपर्यंत येतील एवढेच.

आर्थर वॉल्टन आणि जॉन हॅमंड या दोन शास्त्रज्ञांनी केंब्रिजमध्ये या दोन जातींचा संकर केला आणि १९३८ साली त्याची हकिगत छापली. त्यांनी संकर दोन्ही बाजूंनी केला होता. काही शिंगरांची आई शायर आणि बाप शेटलंड, तर काहींची आई शेटलंड आणि बाप शायर. दोन्हीकडच्या शिंगरांत जनुकं निम्मी मोठ्या जातीची आणि निम्मी लहान जातीची. मग शिंगरं सारख्याच आकाराची व्हायला हवी होती.

पण शायर आईच्या पोटी आलेलं शिंगरू शेटलंड आईच्या शिंगरापेक्षा जवळजवळ तिप्पट वजनाचं निघालं! बाप केवढाही थोराड असो, शेटलंड आईने आपल्या पोटात मावेल एवढंच शिंगरू वाढवलं होतं. पुढे शिंगरं मोठी होत गेली तसा हा फरक कमी झाला, पण पुरता बुजला मात्र नाही.

केवढं शहाणपण आहे यात! शेटलंड घोडीच्या पोटात शायरएवढं शिंगरू वाढलं असतं तर ते बाहेर कसं आलं असतं? आई आणि शिंगरू दोघांचाही जीव धोक्यात आला असता. माणसांतही असंच दिसतं. उंच आयांची बाळं सरासरी मोठी असतात. बाबांच्या उंचीचाही परिणाम होतो, पण तो कमी. बाबा सहा फुटी असतील तर बाळ त्यांची उंची गाठायची घाई पोटात असताना करत नाही. जन्मल्यावर, मोकळ्या जागेत, पहिल्या दोन वर्षांत ते हळूहळू आपल्या जनुकांच्या वळणावर येतं.

तर पहिला धडा हा, की आईची जनुकं दोन वाटांनी काम करतात. एक वाट सरळ आहे. निम्मी जनुकं बाळाला मिळतात आणि त्याच्या शरीरात काम करतात. दुसरी वाट आईच्या स्वतःच्या शरीरातून जाते. तिची उंची, तिचं गर्भाशय, तिचा रक्तदाब, तिच्या रक्तातली साखर या सगळ्यांवर तिच्या जनुकांचा प्रभाव असतो, आणि बाळ नऊ महिने तिथेच मुक्कामाला असतं.

नॉर्वेत १९६७ पासून देशातल्या प्रत्येक जन्माची नोंद ठेवतात. त्या नोंदींतून आईवडील, मुलं, सख्खी आणि सावत्र भावंडं यांची वजनं ताडून पाहिली गेली. २००७ साली प्रसिद्ध झालेला हिशोब असा, की बाळाबाळांच्या वजनात जो फरक दिसतो त्यातला सुमारे ३१ टक्के भाग बाळाच्या स्वतःच्या जनुकांमुळे असतो आणि सुमारे २२ टक्के आईच्या जनुकांमुळे. उरलेला जवळजवळ निम्मा भाग इतर गोष्टींचा आहे. त्या गोष्टींकडे आपण नंतर येऊच.

साखर मोजणारं जनुक

दुसऱ्या वाटेने नेमकं काय होतं, ते एका जनुकाजवळ जाऊन पाहू. त्याचं नाव ग्लुकोकायनेज.

आपण जेवलो की अन्नातलं ग्लुकोज रक्तात येतं. स्वादुपिंडातल्या काही पेशी ते सतत मोजत असतात. ग्लुकोज वाढलं की त्या इन्सुलिन सोडतात आणि मग शरीर ते ग्लुकोज वापरतं. हे मोजायचं काम ज्या प्रथिनाकडे आहे ते बनवण्याची सूचना ग्लुकोकायनेज जनुकात असते.

पोटातल्या बाळाची गंमत वेगळीच असते. आईच्या रक्तातलं ग्लुकोज वारेतून, म्हणजे पोटात बाळाला अन्न पोचवणाऱ्या अवयवातून, बाळाकडे जातं, पण आईचं इन्सुलिन जात नाही. ते बाळाला आपलं आपणच बनवावं लागतं. आणि पोटात असताना हेच इन्सुलिन बाळाच्या वाढीचं टॉनिक ठरतं. इन्सुलिन जास्त तर बाळ मोठं, इन्सुलिन कमी तर बाळ लहान.

काही मोजक्या घराण्यांत ग्लुकोकायनेज जनुकात एक बदल असतो. अशा माणसांचं शरीर साखर थोडी जास्त झाल्याशिवाय इन्सुलिन सोडतच नाही. त्यांच्या रक्तातली साखर जन्मापासून किंचित वर असते, पण बहुतेकांना त्याचा काही त्रास होत नाही. इंग्लंडमधल्या एक्झिटर शहरात डॉ. अँड्र्यू हॅटर्सली आणि त्यांचे सहकारी अशा घराण्यांचा अभ्यास करत होते. त्यांनी या घरांतल्या भावंडांची जन्मवजनं शेजारी शेजारी मांडली आणि १९९८ साली जे जाहीर केलं ते वाचून आजही थक्क व्हायला होतं.

बदल फक्त आईत असेल, तर तिच्या रक्तात साखर जास्त. ती बाळाकडे जाते, बाळ जास्त इन्सुलिन बनवतं आणि सुमारे ६०० ग्रॅमने जड होतं.

बदल फक्त बाळात असेल, म्हणजे तो बाबांकडून आला असेल, तर आईची साखर नेहमीइतकी. पण बाळाच्या पेशींना ती पुरेशी वाटत नाही. त्या इन्सुलिन कमी सोडतात आणि बाळ सुमारे ५०० ग्रॅमने हलकं होतं.

आणि बदल आई आणि बाळ दोघांतही असेल तर? आईकडून साखर जास्त येते, पण बाळाच्या पेशीही जास्त साखरेवरच जाग्या होणाऱ्या. दोन्ही परिणाम एकमेकांना कापतात आणि बाळ चारचौघांसारख्या वजनाचं जन्मतं!

बघा हं, एकाच आईची दोन मुलं. जेवणखाण तेच, घर तेच. एकाला तो बदल मिळाला, दुसऱ्याला नाही, आणि जन्मवजनात अर्ध्या किलोहून जास्त अंतर पडलं. एका जनुकाची ही करामत. आणि तीसुद्धा एकट्या बाळाकडे पाहून कधीच उलगडली नसती. आई आणि बाळ, दोघांचा मजकूर एकत्र वाचला तेव्हाच ती कळली.

थेंबे थेंबे तळे साचे

असा एका फटक्यात अर्धा किलो हलवणारा बदल मात्र दुर्मीळ. आपल्यासारख्या बहुतेकांच्या बाबतीत शेकडो छोटे छोटे बदल मिळून काम करतात. ते शोधायचे तर हजारो, लाखो माणसं हवीत.

एक्झिटरच्याच रेचेल फ्रीथी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २०१० साली पहिलं यश आलं. डीएनएच्या लांब धाग्यांना गुणसूत्रं म्हणतात; त्यातल्या तिसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर त्यांना दोन जागा सापडल्या. तिथलं एक अक्षर बदललं की जन्मवजन थोडं बदलतं. प्रत्येक जागेच्या दोन प्रती, म्हणजे एकूण चार संधी. ज्यांच्याकडे चारही ठिकाणी वजन कमी करणारं अक्षर होतं, ती बाळं असं अक्षर एकही नसलेल्या किंवा एकच असलेल्या बाळांपेक्षा सरासरी ११३ ग्रॅमने हलकी होती. यातल्या एका जागेचं आणखी एक नवल आहे. तिथलं वजन कमी करणारं अक्षर मोठेपणी मधुमेह होण्याची शक्यताही थोडी वाढवतं. म्हणजे पाळण्यातलं वजन आणि पन्नाशीतली साखर यांचे धागे एकाच ठिकाणी गुंतलेले!

मग शोध मोठा होत गेला. ब्रिटनमध्ये 'यूके बायोबँक' नावाचा प्रकल्प आहे. तिथे ४० ते ६९ वर्षांच्या सुमारे ५ लाख लोकांनी आपलं रक्त आणि माहिती संशोधनासाठी दिली. त्यांना विचारलेल्या प्रश्नांत हाही एक होता, "जन्मताना तुमचं वजन किती होतं?" बायकांना आणखी एक प्रश्न विचारला होता, "तुमच्या पहिल्या बाळाचं वजन किती होतं?" ही आणि इतर देशांतली माहिती जोडून २०१९ साली एक मोठा अभ्यास झाला. ३ लाख २१ हजारांहून अधिक माणसांचं स्वतःचं जन्मवजन आणि २ लाख ३० हजार आयांच्या बाळांचं वजन त्यात होतं. त्यातून जन्मवजनाशी नातं असलेल्या १९० खुणा डीएनएत सापडल्या. एकेका खुणेचा परिणाम अगदी थोडा, पण सगळ्या मिळून फरक पडतो.

आता एक कोडं. आईचं अक्षर अर्ध्या वेळा बाळातही असतंच. मग ते अक्षर बाळाच्या शरीरातून काम करतंय की आईच्या, हे ओळखायचं कसं? वाचण्याआधी क्षणभर थांबा आणि विचार करून बघा.

सुचलं? एक युक्ती अशी. आईकडे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. एक बाळाला मिळते, दुसरी मिळत नाही. त्या न मिळालेल्या प्रतीवर लक्ष ठेवायचं. ती बाळाच्या शरीरात नाहीच, त्यामुळे तिथे काही करू शकत नाही. तरीही तिच्यातल्या अक्षराप्रमाणे बाळाचं वजन बदलत असेल, तर तो परिणाम आईच्या शरीरातूनच आला असणार! अशा युक्त्या आणि बरंच गणित वापरून शास्त्रज्ञांनी खुणांची वाटणी केली. काही फक्त बाळातून काम करतात, काही फक्त आईतून, काही दोघांतून. आणि ग्लुकोकायनेजसारख्या काही तर आईत असल्या की वजन वाढवतात आणि बाळात असल्या की कमी करतात.

कोणती प्रत कुणाची?

आता या गोष्टीतला सर्वांत अजब भाग. जनुकाची एक प्रत आईची आणि एक बाबांची, पण त्या कुणाकडून आल्या याने काही फरक पडतो का? बराच काळ वाटत होतं, छे, अक्षरं सारखी तर काम सारखं.

केनियात जन्मलेले भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ अझीम सुरानी केंब्रिजमध्ये उंदरांवर काम करत होते. शुक्रपेशी अंडपेशीत शिरल्यावर काही तास आईचा संच आणि बाबांचा संच दोन वेगवेगळ्या ठिपक्यांसारखे सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. अतिशय बारीक काचेच्या सुईने यातला एक ठिपका काढून दुसरा घालता येतो. सुरानींच्या गटाने काही अंडपेशींत दोन्ही संच आईकडचे ठेवले आणि काहींत दोन्ही बाबांकडचे. अक्षरं पूर्ण होती, संच दोन होते. तरीही त्यातून पिल्लू काही जन्माला आलं नाही. दोन्ही संच आईकडचे असले की गर्भ बराच वाढायचा, पण वार खुरटलेली राहायची. दोन्ही बाबांकडचे असले की वारेच्या पेशी वाढायच्या, पण गर्भ खुरटायचा. १९८४ साली हे प्रसिद्ध झालं. अमेरिकेत मॅकग्रा आणि सोल्टर यांनाही त्याच वर्षी तसंच आढळलं.

याचा अर्थ काही जनुकांवर 'ही आईकडची' किंवा 'ही बाबांकडची' अशी रासायनिक खूण असते, आणि त्या खुणेप्रमाणे एक प्रत चालू राहते आणि दुसरी बंद. वाढीसाठी फार महत्त्वाचं असं आयजीएफ-२ नावाचं जनुक घ्या. न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी उंदरांत ते बिघडवून पाहिलं. बाबांकडची प्रत बिघडली की पिल्लू नेहमीच्या वजनाच्या साधारण ६० टक्केच भरायचं. आईकडची बिघडली की पिल्लू नेहमीएवढंच! कारण आईकडची प्रत गर्भात मुळातच बंद असते. आणि उंदरांत आणखी एक जनुक सापडलं, आयजीएफ-२ चं प्रथिन पकडून त्याचा निकाल लावणारं. त्याची मात्र आईकडची प्रत चालू आणि बाबांकडची बंद.

डेव्हिड हेग या शास्त्रज्ञाने याचा अर्थ लावला. ही एक रस्सीखेच आहे. बाबांकडच्या प्रती बाळाला जास्त वाढवायला ओढतात आणि आईकडच्या प्रती लगाम धरतात, कारण आईच्या शरीराला हे बाळ सांभाळायचं असतंच, शिवाय स्वतः टिकायचं असतं आणि पुढच्या बाळांसाठीही ताकद राखायची असते. जनुकांना मन नसतं, त्यामुळे यात कुणी कुणाशी भांडत नाही. लाखो वर्षांच्या उत्क्रांतीत दोन्ही बाजूंचा तोल बसत आला आहे. हा तोल माणसात ११ व्या गुणसूत्रावर बिघडला तर बाळ फार मोठं किंवा फार लहान जन्मू शकतं. डॉक्टरांना आता ते तपासून ओळखता येतं.

या गोष्टीत वार पुन्हा पुन्हा आली, लक्षात आलं? वार आईची असते असं अनेकांना वाटतं. पण ती मुख्यतः बाळाच्याच पेशींपासून बनते. म्हणजे आईच्या पोटात राहून बाळाला अन्न पोचवणाऱ्या या अवयवात बाबांची जनुकंसुद्धा राबत असतात!

मोठं म्हणजेच चांगलं?

मग बाळ जितकं मोठं तितकं बरं का? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये १९३५ ते १९४६ या काळात जन्मलेल्या १३,७३० बाळांच्या नोंदी मेरी कार्न आणि लायनल पेनरोज यांनी १९५१ साली तपासल्या. फार हलक्या बाळांना धोका जास्त होता, पण फार जड बाळांनाही जास्तच होता. मधल्या वजनाची बाळं सर्वांत सुखरूप. आज दवाखान्यात चांगली काळजी घेतली तर दोन्ही टोकांची बाळंही छान जगतात. पण पिढ्यान् पिढ्या निसर्गाची पसंती मध्यालाच होती.

आणि हा मध्य सगळीकडे एकाच जागी नसतो. उंच पर्वतांवर हवा विरळ असते, ऑक्सिजन कमी मिळतो. तिथे दर हजार मीटर चढलं की जन्मवजन सरासरी सुमारे १०० ग्रॅमने घटतं. पण तिबेटमधल्या आणि दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतांवरच्या लोकांत ही घट कमी दिसते. त्यांचे पूर्वज हजारो वर्षं तिथेच राहिले. अँडीजमधल्या आयांत पीआरकेएए-१ या जनुकातला एक फरक बाळाच्या वजनाशी जोडलेला आढळला आहे. विरळ हवेतही पोटातल्या बाळाची वाढ होत राहावी म्हणून जनुकांनी शोधलेली ही वाट!

पुण्याजवळच्या खेड्यांत

आता आपल्या घरी येऊ. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक अभ्यास सुरू केला. त्यांनी बायका गरोदर होण्याच्या आधीपासून त्यांच्या नोंदी ठेवल्या. त्या काय खातात, किती कष्ट करतात, सगळं लिहिलं. बाळ जन्मलं की ते जिथे असेल तिथे जाऊन त्याचं वजन, लांबी, डोक्याचा घेर मोजला. एका खास चिमट्याने पाठीवरची त्वचा अलगद धरून तिच्याखाली चरबी किती आहे तेही मोजलं.

या बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरलं. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं सरासरी साडेतीन किलोंची. आपली बाळं जवळजवळ सगळ्याच मापांत लहान होती, स्नायूंनी बारीक होती. पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती! दिसायला हडकुळी, पण आतून चरबी राखणारी. मोठेपणी भारतीयांना मधुमेह एवढा का होतो, याचा एक धागा शास्त्रज्ञांना इथे सापडला.

आता तुम्ही विचाराल, मग आपली जनुकंच वेगळी का? भारतातल्या अनेक ठिकाणच्या बाळांचा डीएनए तपासून हे पाहिलं गेलं. हैदराबादच्या पेशी आणि रेणवीय जीवशास्त्र केंद्रातले गिरिराज चांडक आणि त्यांचे देशोदेशीचे सहकारी यात होते. युरोपातल्या लोकांत सापडलेल्या खुणा आपल्या बाळांचं वजनही साधारण तेवढंच हलवतात, असं त्यांना दिसलं. म्हणजे जनुकांचं यंत्र इथेही तसंच चालतं. आपली बाळं लहान असण्याचं सगळं खापर या खुणांवर फोडता येत नाही.

खेड्यांतल्या नोंदींत मात्र दुसरी उत्तरं दिसली. ज्या आयांच्या जेवणात हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा होतं, त्यांची बाळं मोठी होती. शेतात आणि घरात जास्त अंगमेहनत करणाऱ्या आयांची बाळं लहान होती. आईची उंचीही महत्त्वाची होती. आणि आईची उंची कधी ठरते? ती स्वतः लहान मुलगी असताना! तिच्या जनुकांनी जेवढी उंची देऊ केली होती, तेवढी गाठायला तिला पुरेसं खायला मिळालं का, आजारपणं किती झाली, यावर ती ठरते. म्हणून आजचं बाळ केवढं आहे, याचं थोडं उत्तर त्याच्या आईच्या शाळेच्या दिवसांत असतं, आणि थोडं आजीच्या गरोदरपणातही.

करून बघा

तुमचं जन्मवजन किती होतं ते शोधा. लसीकरणाच्या कार्डावर किंवा दवाखान्याच्या कागदावर ते सापडेल. मग भावंडांचं, चुलत-मावस भावंडांचं, आईबाबांना आठवत असेल तर त्यांचंही विचारा. कागदावर वंशवृक्ष काढा आणि प्रत्येक नावाखाली वजन लिहा. शेजारी जन्माचा क्रम लिहा, जुळी असतील किंवा बाळ लवकर आलेलं असेल तर तेही लिहा. पहिल्या बाळांची वजनं पुढच्यांपेक्षा कमी दिसतात का? उंच मावशीची मुलं जड होती का? एका कुटुंबातल्या थोड्याशा आकड्यांवरून पक्का नियम सांगता येत नाही, पण शास्त्रज्ञांनी सुरुवात अशाच तक्त्यांपासून केली होती.

हे करताना कुणी म्हणालं, "तू तर एवढीशी होतीस, आईने नीट खाल्लंच नसेल," तर त्यांना हा लेख वाचून दाखवा. बाळाच्या वजनात बाळाची जनुकं, आईची जनुकं, बाबांच्या चालू प्रती, हवा, कष्ट, जेवण या सगळ्यांचा वाटा असतो. त्यासाठी एकट्या आईला बोल लावणं अन्याय आहे. आणि लहान जन्मलेली कितीतरी बाळं पुढे छान उंच आणि दणकट होतात.

जनुकं कुणालाच निवडता येत नाहीत. पण या यादीतलं जेवण आणि विश्रांती आपण बदलू शकतो, आणि त्याची सुरुवात बाळ होण्याच्या कितीतरी वर्षं आधी करावी लागते. तुमच्या घरात, वर्गात, शेजारी ज्या मुली आहेत, त्यांच्यातल्या अनेकजणी पुढे आई होतील. त्यांची उंची, त्यांचं रक्त, त्यांची हाडं आत्ता बनत आहेत. म्हणून आज रात्री ताटं वाढली जातील तेव्हा बघा. ताईच्या ताटात पालेभाजी, वरण, दूध किंवा अंडं दादाइतकंच पडतंय ना? पडत नसेल तर गप्प बसू नका. उठा आणि तिला वाढा.